मस्टँग: होती तशी, की वरून जुनी आणि आतून नवी?

न्यू जर्सीतल्या एडिसनमधून जाणारा रूट 1 इथल्या मराठी घरांच्या पायाखालचा. याच रस्त्यावर फोर्डचा कारखाना होता, साठच्या दशकात तिथून मस्टँग बाहेर पडत. 2004 मध्ये तो बंद झाला. माझ्या मस्टँगवर कारखान्याने ठोकलेला क्रमांक (व्हीआयएन; नंबरप्लेट नव्हे) 8-टी-01-सी असा सुरू होतो. 8 म्हणजे 1968 चं मॉडेल. टी म्हणजे मेटचन, म्हणजे हाच कारखाना. जागा एडिसनची, नाव शेजारच्या गावाचं. 01 म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छताची दोन दारी गाडी, आणि सी म्हणजे इंजिन: 289 घनइंचाचं, दोन बॅरल कार्ब्युरेटरचं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं.

हे आधी सांगतोय, कारण जुनी मस्टँग घ्यायला निघालेला प्रत्येक जण एकच विचारतो: मुळासारखी करू, की 'रेस्टोमॉड', म्हणजे रूप 1968 चं आणि आतला सगळा ऐवज आजचा? त्याचं निम्मं उत्तर या क्रमांकात असतं.

इंजिनाच्या जागी सी असेल तर गाडी साधी; अशा ढिगाने निघाल्या. पण 1968 च्या गाडीवर आर दिसला, तर ते 428 घनइंचाचं दांडगं कोब्रा जेट इंजिन. 1967 किंवा त्याआधीच्या गाडीवर के असेल, तर ते 271 अश्वशक्तीचं 289. अशा गाड्या दुर्मिळ; त्यांना करवत लावू नका, इतकंच म्हणेन. 1967 पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे फोर्डच्या जुन्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मागवता येतो; गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात, कोणत्या गिअरबॉक्ससकट निघाली ते त्यात कळतं. शेवरोले कॅमॅरोच्या बाबतीत हे सुख नाही. 1967 ते 1969 च्या कॅमॅरोचा क्रमांक इंजिनाबद्दल सहा सिलिंडर की आठ, एवढंच बोलतो. म्हणून तिथे 'अस्सल झी-28' (कॅमॅरोची वेगवान आवृत्ती) या शब्दांवर पैसे मोजायच्या आधी इंजिनवरचे ठसे आणि जुने कागद पाहावे लागतात.

उरलेलं निम्मं उत्तर पत्र्यात. समोरच्या काचेखाली जाळी असते, तिच्यातून हवा आणि पाणी दोन्ही आत जातात. पाणी बाजूने वाहून जावं अशी रचना, पण पानं आणि माती साचली की तिथला पत्रा आतून सडतो, आणि तो भाग वेल्डिंगने बंद केलेला असल्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. मी गाडी बघायला गेलो तेव्हा मालकाची परवानगी घेऊन बाटलीभर पाणी त्या जाळीवर ओतलं आणि आत वाकून बसलो. काही सेकंदांत ड्रायव्हरच्या पायाशी गालिच्यावर टपटप सुरू. मालक म्हणाला, "काचेचं रबर असेल." रबर नव्हतं. किंमत तिथेच उतरली. दुसरी गोष्ट, मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा. मागच्या चाकावरच्या कमानीला ते चिकटलं नाही, तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे.

पत्र्याचा आणि रंगाचा खर्च दोन्ही वाटांवर सारखाच, आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात मोठा. 'मूळ रूप स्वस्तात पडतं' किंवा 'रेस्टोमॉड करू, मग गंजाचं बघू' हे दोन्ही हिशेब इथेच फसतात.

आता मूळ रूप. सुटे भाग मुबलक, मस्टँगचे तर अख्खे फ्लोअर पॅन, म्हणजे पायाखालचे पत्रेही, नवे मिळतात. इंजिन साधं, टायमिंग लाइट, फीलर गेज अशी साधी हत्यारं आणि थोडा धीर एवढ्यावर घरी जुळवता येतं. पण चालवायला बसलात की 1968 साल अंगावर येतं. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. उतारावर दोनदा जोरात दाबले की तिसऱ्या वेळी पॅडल खाली जाई आणि गाडी डावीकडे ओढली जाई. तीन गिअर, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे उतरवणारा वरचा गिअर) नाही, त्यामुळे पार्कवेवर, म्हणजे इथल्या हायवेवर, शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागे. कागदावर 195 अश्वशक्ती, पण तो जुन्या पद्धतीचा आकडा, इंजिन एकटं बाकावर ठेवून मोजलेला. 1972 पासून एक्झॉस्ट वगैरे जोडून मोजायला लागले आणि सगळ्याच कंपन्यांचे आकडे घसरले.

रेस्टोमॉडचं गणित सुरुवातीला फार गोड लागतं. फोर्डचं 5.0 लिटर कोयोटी इंजिन 2011 च्या मस्टँगमध्ये आलं तेच 412 अश्वशक्तीचं, शिवाय थंडीत एका चावीत सुरू. पण घोडं पेंड खातं ते रुंदीपाशी. कोयोटीची डोकी (सिलिंडर हेड) रुंद, आणि जुन्या मस्टँगच्या बोनेटखाली दोन्ही बाजूंना शॉक टॉवर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे खांब, उभे. ते कापावे लागतात. या गाडीला वेगळी चासी नाही, पुढच्या स्प्रिंगांचा भार त्याच टॉवरवर. म्हणजे टॉवर कापले की पुढचं सस्पेन्शन नवं, त्याला धरून ठेवायला मजबुती नवी. मग 400 च्या वर ताकद माझ्या आठ इंची मागच्या अ‍ॅक्सलला झेपायची नाही, म्हणून तोही बदला. कोयोटीला कार्ब्युरेटर नाही, इंधन इंजेक्शन आहे; त्याला दाबाचं पेट्रोल हवं, म्हणून पंपासकट टाकी नवी. (या गाडीत टाकीचा माथा हीच डिकीची जमीन असते, हे ऐकून माझ्या सासऱ्यांनी डिकीत बॅग ठेवायला नकार दिला होता.) वायरिंग, रेडिएटर, ड्राइव्हशाफ्ट हे ओघाने आलंच. नुसतं इंजिन बदलायला निघालेला माणूस वर्षभराने जॅकवर उभ्या असलेल्या सांगाड्याभोवती फिरताना मी पाहिलाय. अर्धवट रेस्टोमॉडला गिऱ्हाईक फार कमी भाव देतं, कारण दुसऱ्याने केलेली वायरिंग कुणालाच नको असते. पुरी झालेली, नीट बांधलेली गाडी मात्र लिलावात मूळ रूपातल्या साध्या गाडीला सहज मागे टाकते. पैसा आणि भरवशाचं गॅरेज दोन्ही असेल, आणि गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल, तर ही वाट चुकीची नाही. इंजिन स्वतः उघडायची हौस असेल, तर मात्र त्यात मजा उरत नाही.

मी स्वतः मधली वाट धरली: जे बोल्टाने बसतं आणि बोल्टाने निघतं, तेवढंच बदलायचं. पुढे डिस्क ब्रेक. 1968 मध्ये ते पैसे भरून मिळतच होते, त्यामुळे जुळवाजुळव फारशी नाही. कोणी म्हणालं एकच काम करतो, तर हेच करा. त्यानंतर टी-5 नावाचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स. पाचव्यात इंजिनाचे फेरे जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतात, आता पार्कवेवर गाणी ऐकू येतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बाहेरून ओळखू येत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. जुन्या गाडीत हे मूळ रूपवाल्यांनीही टाळू नये. विमा 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'चा, म्हणजे आधीच ठरलेल्या किमतीचा घेतला; गाडी गेली तर घसारा लावून हातात चिल्लर पडत नाही.

यात 412 अश्वशक्ती नाही, हे खरं. सिग्नलला शेजारची आजची मिनीव्हॅन मला मागे टाकून जाते आणि आतली पोरं काचेला नाक लावून हात हलवतात.

काढलेले ड्रम आणि तीन गिअरांचा मूळ गिअरबॉक्स तेल लावून, जुन्या चादरीत बांधून तळघरात ठेवलेत. दिवाळीच्या साफसफाईत बायको दरवर्षी विचारते, हे भंगार कधी जायचं? गाडी विकेन तेव्हा, गाडीबरोबर.