आधी रिपोर्ट हातात घ्या, मग पैसे मोजा

मन्या हा आमचा सात वर्षांचा बोका. शुक्रवारी संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. रात्रीत चारपाच झाल्या, आणि शनिवारी सकाळी तो पाण्याच्या वाटीसमोर पाय पोटाशी घेऊन नुसता बसून राहिला. पीत नव्हता, उठतही नव्हता. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे बसणं कळेल. माझ्या पोटात गोळाच आला.

आमचे जुने डॉक्टर वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते. नवा डॉक्टर शोधायला हवा, असं तेव्हापासून घोकत होते, पण शोधला नव्हता. ही चूक माझी. जनावर मांडीवर निपचित पडलेलं असताना कुणी डॉक्टर निवडत बसत नाही, जो उघडा दिसेल त्याच्याकडे पळतं. मी मोबाईलवर चांदण्या मोजल्या आणि सर्वांत जास्त चांदण्या असलेल्या दवाखान्यात गेले.

चकचकीत जागा होती. काउंटरवरच्या मुलीने माझं नाव, फोन नंबर, जनावराचं नाव एवढं विचारून संगणकावर टाकलं. मन्या टोपलीत होता आणि टोपलीवर मी टॉवेल टाकला होता, कारण अंधार असला की तो शांत राहतो. तिने टॉवेल उचलून आत पाहिलं नाही. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, रक्त घेतलं. काय खाल्लं, घरात काही बदल झाला का, यातलं काहीच विचारलं नाही. वीसेक मिनिटांनी आत बोलावलं तेव्हा त्यांच्या हातात एक छापील कागद होता. त्यावर क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायच्या रक्तातल्या कचऱ्याच्या, आकड्याला लाल पेनाने गोल केला होता.

"मॅडम, क्रिएटिनिन 2.2 आहे. दोन्ही किडन्या गेल्यात. आज अ‍ॅडमिट केलं नाही, तर सोमवार बघेल की नाही सांगता येत नाही."

मग पॅकेज आलं. सात दिवस ड्रिप, रोज रक्त, इंजेक्शनं, चोवीस तास देखरेख. पैसे सगळे आधी. आम्ही दोघं मिळून दोन महिन्यांत जेवढं मागे टाकतो तेवढा आकडा होता तो. मी विचारलं, "निम्मे आज आणि निम्मे सोमवारी दिले तर चालतील का?" ते नाही म्हणाले नाहीत. मन्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्यावर आहे."

त्या दोन शब्दांनी माझं कार्ड पर्समधून बाहेर आलं. अशा वेळी कुणी दमदाटी करत नाही. आपल्याच मायेचा फास आपल्या हातात देतात.

रिपोर्टची प्रत मागितली तर उत्तर मिळालं, "तो फाइलला राहतो." तेवढ्यात डॉक्टरांना आतून हाक आली आणि कागद टेबलावरच राहिला. भावाला पाठवावा म्हणून मी त्याचा फोटो काढला. संशय वगैरे काही नव्हता. अंगात तेवढी हुशारी असती तर पैसे आधी भरलेच नसते.

रात्री दहाच्या सुमाराला मन्याची रोजची चादर घेऊन गेले, म्हटलं ओळखीचा वास असेल तर बरं वाटेल. दवाखान्यात अंधार. काचेला नाक लावून बघितलं तर आत पिंजऱ्यापाशी ड्रिपच्या मशीनचा एक हिरवा दिवा लुकलुकत होता, बाकी काही नाही. बाहेरचा वॉचमन म्हणाला, "ताई, डॉक्टर साडेआठला जातात. मग सकाळपर्यंत कुणी नसतं." चोवीस तास देखरेखीचे पैसे मी सकाळीच मोजले होते, आणि देखरेख करत होता तो हिरवा दिवा.

हा प्रकार नुसता पैशांचा नाही, हे मला नंतर कळलं. चार किलोच्या मांजराला ड्रिप जरा जास्त गेली तर पाणी फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून ड्रिप चालू असताना कुणीतरी श्वास मोजत राहावं लागतं. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला 30 च्या आत हवेत. काचेबाहेरून मला छातीची हालचालसुद्धा दिसत नव्हती.

रविवारी सकाळी दार उघडायच्या आधीच मी तिथे उभी होते. "मी घेऊन जाते" म्हटल्यावर "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहे" असं लिहिलेल्या कागदावर सही घेतली. बिलाची फोड मागितली तेव्हा बरीच कुरकुर झाली, पण मिळाली. त्यात कॅन्युला तीन. म्हणजे ड्रिपची सुई एका रात्रीत तीनदा नव्याने लावली, असा त्याचा अर्थ. घरी येऊन मन्याचे चारही पाय उलटसुलट करून बघितले. उजव्या पुढच्या पायावर काडेपेटीएवढे केस भादरलेले होते, आणि त्यात टोचल्याची एकच खूण. बाकी तीन पायांचा एक केसही हललेला नव्हता. वर किडनीच्या रुग्णांसाठीच्या खास खाण्याची एक मोठी पिशवी बिलात लावून हातात दिली होती. ती अजून माळ्यावर आहे, परत घेत नाहीत.

त्याच दिवशी एका मैत्रिणीने तिच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. एक टेबल, एक वजनकाटा, भिंतीला लागून जुनं कपाट. बाईंनी मन्याला टोपलीतून लगेच काढलंच नाही. आधी मलाच पंधरा मिनिटं प्रश्न विचारले. खाणं बदललंत का? घरात लिलीची झाडं किंवा फुलं आहेत का? लिलीची पानं, पाकळ्या, अगदी परागसुद्धा मांजराच्या किडन्यांची वाट लावतात, म्हणून हा प्रश्न. माणसाची एखादी गोळी दिलीत का, विशेषतः पॅरासिटामॉल? वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे रोज किती येतात, आता कमी झालेत की जास्त?

खाण्यापाशी मी अडखळले. गुरुवारी जुनं पाकीट संपलं म्हणून मी एकदम दुसऱ्याच कंपनीचं खाणं भरभरून वाढलं होतं. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदलायचं असतं. हे मला माहीत होतं, कंटाळा केला.

मग त्यांनी रिपोर्ट मागितला. मी फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, लाल गोलाकडे न बघता कागदाच्या अगदी वरच्या ओळीवर नेला आणि म्हणाल्या, "अहो, हा कुत्र्याचा रिपोर्ट आहे."

मला वाटलं, रक्तच बदललं. तसं नव्हतं. रक्त मन्याचं, पण मशीनमध्ये प्राणी म्हणून 'कॅनाइन' निवडलेलं. मशीन आकडा काढतं आणि निवडलेल्या प्राण्याच्या मर्यादेशी ताडून 'जास्त' किंवा 'कमी' छापतं. त्या मशीनवर कुत्र्याची क्रिएटिनिनची मर्यादा 0.5 ते 1.8, मांजराची 0.8 ते 2.4. कुत्र्याच्या रकान्यात 2.2 म्हणजे वाढलेलं, मांजराच्या रकान्यात मर्यादेच्या आत.

मी हसू की रडू असं झालं होतं, तर बाईंनी तिथेच थांबवलं. "मर्यादेच्या आत आहे म्हणून सोडून द्यायचा आकडा नाही हा. मांजरात 1.6 च्या पुढे गेलं की मी कान टवकारतेच. पण उलट्या करून अंगातलं पाणी गेलेल्या मांजरात हा आकडा तसाही चढतो. किडनी खराब आहे की फक्त पाणी कमी पडलंय, हे लघवीवरून कळतं." लघवी घट्ट असेल तर किडनी पाणी धरून ठेवायचं तिचं काम करतेय. त्यासाठी लघवीचा एक थेंब एका छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर ठेवून वाचायचा. मांजरात लघवीच्या घट्टपणाचा आकडा 1.035 च्या वर आला की जीव भांड्यात. सगळ्यांत स्वस्त तपासण्यांपैकी एक, पण ती ड्रिप लावायच्या आधी करायची असते. रात्रभर ड्रिप गेल्यावर लघवी पातळच येणार, त्यावरून काही ठरवता येत नाही. म्हणजे माझे पैसे गेलेच, वर खरं काय ते कळायची सोपी वाटही त्या रात्री बुजवली गेली.

उलटी थांबायचं एक इंजेक्शन दिलं, क्रिएटिनिन पुन्हा बघितलं, ते 1.5 आलं. रात्री नऊला मन्याने जुनं खाणं चाटूनपुसून संपवलं. दोन आठवड्यांनी, ड्रिपचा काही संबंध उरला नाही तेव्हा, लघवी तपासली: 1.048. क्रिएटिनिन तेवढंच. या सगळ्याचं मिळून बिल त्या पॅकेजच्या एका दिवसापेक्षा कमी झालं.

आता, कुत्रा-मांजराची अदलाबदल ही चूक असू शकते. मी ती फसवणूक म्हणणार नाही, चुका सगळ्यांकडून होतात. पण प्रत मला दिली असती तर ती चूक दुपारपर्यंत कुणाच्या तरी लक्षात आली असती. प्रत न देणं, कुणी नसताना देखरेखीचे पैसे लावणं, एका सुईच्या तीन करणं, आणि "सोमवार बघेल की नाही" हे वाक्य पैसे भरायच्या खिडकीशी बांधणं, ही फसवणूक.

उरलेल्या सहा दिवसांचे पैसे मागायला गेले तेव्हा पॅकेज परत होत नाही असं ऐकवलं. वरची ओळ दाखवली तर म्हणाले, मशीनचा प्रश्न आहे. शेवटी थोडी रक्कम 'क्रेडिट' म्हणून नावावर ठेवली, पुढच्या वेळी त्यांच्याकडेच वापरायला. पुढची वेळ म्हणे! बिल आणि फोटो जोडून लेखी तक्रार केली आहे. बघू.

बिलापेक्षाही जास्त काळ त्रास देईल अशी एक गोष्ट बाईंनीच लक्षात आणून दिली. त्या दवाखान्याच्या फाइलमध्ये मन्याला 'किडनी निकामी' असा शेरा पडला आहे. उद्या त्याचा विमा काढायला गेलं तर कंपनी जुने कागद मागवणार, आणि आधीपासून असलेला आजार विम्यात सहसा धरत नाहीत. म्हणजे नसलेल्या आजारामुळे खऱ्या किडन्या विम्याबाहेर. कुणाच्या बाबतीत असं झालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत आणि नवे रिपोर्ट त्याच तारखांचे जपून ठेवा, आणि जुन्या फाइलमधला शेरा दुरुस्त करायची मागणी लेखी करा. मी केली आहे.

आता मी कुठेही गेले तरी खर्चाचा अंदाज लिहून मागते. एक आकडा नको, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन. दर दिवसाचा वेगळा, आणि लवकर सोडलं तर काय परत मिळेल ते त्याच कागदावर. रात्री माणूस असतो का, हे सरळ विचारते. नसेल तर तसं सांगणारा डॉक्टर मला जास्त आवडतो. आणि प्रत्येक तपासणीआधी एक प्रश्न: "निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर ही आज करायची का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. बाई दोनदा "हो, थांबू या" म्हणाल्या आणि एकदा "नाही, ही आजच" म्हणाल्या. त्या तिसऱ्या वेळी मी मुकाट पैसे भरले. मन्या ठणठणीत असतानाचं रक्त आणि लघवी वर्षातून एकदा करून ठेवते, म्हणजे पुढच्या आजारपणात ताडून बघायला त्याचाच आकडा असतो, मशीनचा नव्हे.

महाग म्हणजे लुबाडणारा, असं मात्र यातून काढू नका. बाईंनी मन्याच्या दातांचा जो अंदाज दिला तोही डोळे पांढरे करणारा होता, पण त्यात भूल, दातांचे एक्सरे आणि भुलीत लक्ष ठेवायला वेगळा माणूस असं ओळीने लिहिलेलं होतं. दाताचा बराचसा भाग हिरडीच्या आत असतो, एक्सरेशिवाय नुसतं वरवर घासून उपयोग नाही. तो खर्च आम्ही सहा महिने साठवून केला.

आणि माझं ऐकून कुणी घरी बसू नका. बोका लघवीला बसतोय, कुंथतोय आणि थेंब येत नसेल तर अंदाजपत्रक, चांदण्या सगळं सोडून जवळच्या दारात जा. नळी तुंबलेला बोका एकदोन दिवसांत जातो. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तरी तेच. घरची पॅरासिटामॉल तर कधीही नको, मांजराच्या शरीरात ती पचवायची यंत्रणाच पुरेशी नसते, एक गोळी जिवावर बेतते.

मन्याच्या पायावरचे केस अडीच महिन्यांनी भरून आले. मधला एक पट्टा जरा गडद आलाय. परवा त्या दवाखान्याचा मेसेज आला, नावावर असलेल्या क्रेडिटची आठवण करून देणारा: "तुमचा लाडका कुत्रा मन्या याच्या किडनी तपासणीची वेळ झाली आहे." तेव्हा काउंटरवरची मुलगी आणि टोपलीवरचा टॉवेल आठवला. मन्या तेव्हा फ्रिजवर झोपला होता.