नातीच्या फ्लॅटपायी ५१,५०० गेले, पुण्यात रूम शोधणाऱ्यांनी हे वाचा

नातीला इंजिनिअरिंगला पुण्यात ॲडमिशन मिळाली, पण कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या राउंडला, तोपर्यंत हॉस्टेल भरलेलं आणि कॉलेज चालू व्हायला जेमतेम आठवडा. पोरगी जावई दोघं नोकरीला, म्हणून मीच म्हटलं की मी जाते तिच्याबरोबर, पंधरा दिवस राहून घर लावून देते. आम्ही कराडचे. पुण्यात जाऊन आधी फ्लॅट बघून यायला पाहिजे होतं, ते केलं नाही, आणि सगळं तिथंच चुकलं.

नातीनं मोबाईलवर एक वन बीएचके शोधला, कर्वेनगरला, भाडं १२,०००, डिपॉझिट २४,०००. त्याच भागात बाकीचे सतरा-अठरा हजार सांगत होते. फोटो छान, खिडकीत तुळस. फोन केला तर समोरचा हिंदीत, आवाज अगदी अदबीचा, "जय हिंद माताजी, मैं आर्मी में हूँ, पोस्टिंग जम्मू में है, फ्लॅट खाली पडा है, अच्छी फॅमिली चाहिए बस." लगेच व्हॉट्सॲपवर युनिफॉर्ममधला फोटो, आधार कार्ड, आर्मीचं कॅन्टीन कार्ड. आमच्या सातारा जिल्ह्यात घराघरात फौजी, माझा सख्खा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालाय. वर्दीतला माणूस खोटं बोलेल असं मनात सुद्धा आलं नाही हो.

गुरुवारी म्हणाला सोसायटीत शिरायला गेट पास लागतो, ३,५०० भरा, भाड्यातून वजा करतो. भरले. शनिवारी सकाळी टेम्पो दारात, गादी, कुकर, तिचं टेबल, पिठाचे डबे सगळं चढवून झालं आणि ह्याचा फोन, की आर्मीच्या अकाउंटची सिस्टीम वेगळी असते, मी स्कॅन करायचा क्यूआर कोड पाठवतो, आधी १ रुपया टाकून बघा. टाकला, तर २ रुपये परत आले! मग म्हणाला आता डिपॉझिट टाका. मी २४,००० टाकले. दोन मिनिटात परत फोन, "माताजी आपने पॉइंट झीरो झीरो नहीं डाला, एंट्री अटक गई, चोवीस हजार पॉइंट झीरो झीरो लिखके फिरसे भेजो, पहलेवाला तुरंत वापस आएगा." टेम्पोवाला घाई करतोय, नात म्हणतेय आजी चल, आणि मी पिन टाकला. पेन्शनचं अकाउंट माझं.

दुपारी तीनला पोचलो. सोसायटी खरी होती, फ्लॅट नंबर पण खरा. वॉचमननं रजिस्टर बघितलं आणि म्हणाला आजी, त्या फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहतात, बारा वर्षं झाली, आणि गेट पास वगैरे इथं काही नसतंच, नुसती वहीत सही. ह्या महिन्यात असं सामान घेऊन आलेले तुम्ही तिसरे. नात तिथंच पायरीवर बसून रडायला लागली, सारखी म्हणत होती माझ्यामुळं झालं. तिला एवढंच सांगितलं की बाळा पैसे मी पाठवले, तू नाही.

त्या वॉचमननंच सांगितलं १९३० ला फोन लावा, आत्ताच. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, कुणी म्हणेल आधी घरी विचारू, उद्या बँकेत जाऊ, तर तसलं काही करू नका, लगेच लावा. मी तिथं उभी राहूनच ट्रान्झॅक्शन नंबर वाचून दाखवले. शेवटच्या २४,००० मधले ११,००० पुढच्या अकाउंटला होल्ड झाले, बाकीचे तोवर काढून घेतले होते. होल्ड झालेले अजून हातात आलेले नाहीत, हेलपाटे चालू आहेत.

आता जो फ्लॅट मिळालाय तो जावयाच्या मित्राच्या ओळखीनं. ह्यावेळी मी मालकीणबाईंना समोर बसून भेटले, लाइट बिल मागितलं, बिलावरचं नाव आणि आधारचं नाव जुळवलं, इंडेक्स टू, म्हणजे फ्लॅट कुणाच्या नावावर आहे तो रजिस्ट्रीचा उतारा, बघितला, आणि अॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय डिपॉझिट देणार नाही म्हणून सांगितलं. बाईंना राग बिलकुल आला नाही, उलट म्हणाल्या बरोबर आहे तुमचं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर भाड्यानं द्यायचा करार, रजिस्टर करणं कायद्यानं बंधनकारक आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे ते, आणि जबाबदारी मालकाची. एजंट घरी येऊन अंगठा आणि फोटो घेऊन गेला, अर्ध्या तासाचं काम. खरा मालक ह्याला नाही म्हणत नाही. तो फौजी प्रत्येक वेळी म्हणायचा कागद नंतर, आधी पेमेंट, आणि व्हिडिओ कॉल म्हटलं की ड्युटीवर आहे.

आणि एक, पैसे "परत" मिळवायला जो कोणी कोड स्कॅन करायला आणि पिन टाकायला सांगेल त्याचा फोन तिथंच ठेवा. पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. हे मला नातीनं आधी दोनदा सांगितलं होतं, पण पॉइंट झीरो झीरोच्या गडबडीत डोकंच चाललं नाही.

तो वर्दीतला फोटो मी भावाला दाखवला. तो बराच वेळ बघत बसला, म्हणाला अक्का, हा पोरगा खरा जवान असणार ग, ह्याला पत्ता पण नसेल. मग मी ते पोलिसांकडं पण लिहून दिलं, फोटो आणि कॅन्टीन कार्ड दोन्हीची प्रिंट तक्रारीला जोडली.