एक दिवस, मोजके पैसे: ट्रेक करावा की रॉक क्लाइंबिंग?

सकाळी निघायचं, रात्री घरी परत यायचं आणि खर्च आवाक्यात ठेवायचा. अशा दिवसासाठी ट्रेक आणि रॉक क्लाइंबिंग यांतलं काय निवडावं, हा प्रश्न पडला की बहुतेक जण आधी दुकानातल्या किमती बघतात. बूट, दोर, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट यांची बेरीज पाहून क्लाइंबिंगचा विचार तिथेच बारगळतो. पण हा हिशोब उलट्या टोकाकडून केलेला असतो. क्लाइंबिंगच्या पहिल्या वर्षात दोर विकत घ्यावा लागत नाही, आणि माझ्या मते घेऊही नये. दुसरीकडे, ट्रेकला काहीच लागत नाही असं म्हणणारे प्रवासाचा खर्च धरायला विसरतात.

किमतींच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात. त्या दिवशी प्रत्यक्ष चालायला किंवा चढायला किती वेळ मिळणार? आणि लागणाऱ्या सामानातलं काय उसनं किंवा भाड्याने चालेल?

ट्रेक

पहिल्या प्रश्नावर ट्रेक सहज पुढे जातो. पायथ्याशी उतरल्यापासून परत येईपर्यंत प्रत्येक जण चालत असतो, आपल्या पाळीची वाट बघत कोणी बसत नाही. दिवस किती मोठा होईल याचा अंदाजही घरी बसून बांधता येतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही कामाचा आहे. साधारण दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला त्यावर आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटरची वाट आणि ६०० मीटर चढ असेल, तर सुमारे साडेतीन तास. हा हिशोब धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती नाही. नवख्यांच्या गटाने त्याची दीडपट करावी, वर थांबण्यासाठी तासभर ठेवावा. साडेतीनचे सहा होतात. जाण्यायेण्याचा प्रवास त्यात मिळवला की एका दिवसात कुठली वाट बसते आणि कुठली नुसती कागदावर बसते, ते लगेच कळतं.

सामान खरोखरच थोडं लागतं. पकड चांगली असलेले आणि आधीपासून पायात रुळलेले बूट, पाणी, पावसापासून आडोसा देणारा एक थर, हेडटॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी, आणि नेटवर्क नसतानाही उघडेल असा नकाशा. पाण्याचा ढोबळ अंदाज ताशी अर्धा लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. यात पैसे घालायचेच तर बुटांवर घालावेत. घामाचे कपडे व्यायामाचे जुनेच चालतात. फक्त थंडी-पावसात सुती नकोत, कारण सुती कापड एकदा भिजलं की अंगावर वाळत नाही आणि शरीराची ऊब खेचून घेतं. हेडटॉर्च मात्र 'आपण उजेडातच परतणार' असं म्हणून वगळू नये. ती लागते तेव्हा दुसरा काही उपाय नसतो.

ट्रेकचा छुपा खर्च प्रवासाचा. जवळच्या वाटा दोन-चार सुट्ट्यांत संपतात, मग माणूस लांबच्या शोधू लागतो. गाडीत चौघे असतील तर तो खर्च वाटला जातो, एकटा असेल तर सगळा त्याच्या अंगावर. क्लाइंबिंगमध्ये हे उलटं आहे. एकाच कातळावर वेगवेगळ्या अवघडपणाचे पंधरा-वीस मार्ग असतील, तर तीच जागा अनेक महिने पुरते. ही क्लाइंबिंगच्या बाजूची मोठी जमा आहे आणि ती सहसा कोणी मोजत नाही.

बोल्डरिंग

क्लाइंबिंग म्हटलं की डोळ्यांपुढे दोर येतो, पण बोल्डरिंगला दोर लागत नाही. चार-पाच मीटरपर्यंतच्या शिळांवर चढायचं आणि पडलं तर खाली अंथरलेल्या जाड क्रॅश पॅडवर पडायचं. पॅरिसजवळच्या फॉन्टेनब्लोच्या जंगलात हा प्रकार शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि अवघडपणाची एक श्रेणी त्या जागेच्या नावानेच ओळखली जाते. नवशिक्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मार्गदर्शिकेत '५' दिसला म्हणून तो दोरावरच्या फ्रेंच श्रेणीतला ५ समजू नये. बोल्डरिंगचा ५ त्याहून बराच अवघड असतो.

बूट, चॉक (हाताचा घाम टिपणारी पूड) आणि पॅड एवढंच सामान. पॅड महाग असतो आणि बसमध्ये नेणं म्हणजे कसरत, पण तो एकाने घेऊन चौघांनी वापरायचा असतो. किंबहुना एका पॅडवर भागवण्यापेक्षा चौघांनी मिळून दोन नेलेले बरे. चढण्याचा वेळही भरपूर मिळतो, कारण दोर बांधणं-सोडणं नाही आणि दोन-तीन मिनिटांत पाळी फिरते.

मग सगळ्यांनी हेच का करू नये? कारण यात प्रत्येक पडणं जमिनीवरचं असतं. घोटे आणि मनगटं यांच्या दुखापती इथल्या नेहमीच्या. पॅडच्या कडेवर किंवा दोन पॅडमधल्या फटीत पाय पडला की घोटा मुरगळतो. शिवाय 'स्पॉटिंग' करणारे, म्हणजे पडणाऱ्याला झेलायला नाही तर त्याचं डोकं आणि पाठ पॅडकडे वळवायला उभे असलेले सोबती लागतात. एकट्याने स्वस्तात करायचा हा प्रकार नाही. ज्याचं पोट हातावर आहे, ज्याला चार आठवडे प्लास्टर परवडणार नाही, त्याने हे धरूनच हिशोब करावा.

टॉप रोप

नवशिक्याने दोरावर चढायचं तर टॉप रोपच. वरच्या अँकरमधून, म्हणजे कातळाला पक्क्या केलेल्या आधारातून, दोर ओवलेला असतो. एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, दुसरी बाजू खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळून पडणाऱ्याला धरणाऱ्या सोबत्याच्या हातात. हात सुटला तर माणूस फूटभर, दोराच्या ताणामुळे कधी थोडा जास्त खाली येतो आणि लटकतो. इतक्या उंचीवरच्या खेळात सुरुवातीला याहून कमी धोक्याचं काही मला माहीत नाही. अट एकच: अँकर आणि बिले जाणत्या माणसाच्या हातात हवेत. म्हणूनच इथे खर्च वस्तूंचा नसून माणसाचा आहे. क्लब असेल तर वर्गणी, संस्था असेल तर दिवसाची फी, आणि त्यात बहुधा हार्नेस-हेल्मेट आलेलं असतं.

फीचे आकडे शेजारी ठेवून स्वस्त ते निवडू नका. त्याऐवजी फोन करून विचारा: माणसं किती, दोर किती, प्रशिक्षक किती? गाठ बांधणं, तपासणी, चढणं आणि खाली सोडणं मिळून एका माणसाला पंधरा मिनिटं सहज लागतात. आठ जणांत एक दोर असेल, तर तुमची पाळी दोन तासांनी येते आणि सहा तासांच्या दिवसात तुम्ही तीनदा चढता. चौघांत एक दोर असेल तर त्याच दिवसात सहा वेळा. फी दीडपट असली तरी दर चढाईमागे दुसरी सहल स्वस्त पडते.

आणखी एक प्रश्न विचारायचा: चढायला मिळणार की फक्त रॅपलिंग? कित्येक 'साहसी सहलीं'त कड्यावरून दोराने एकदा खाली उतरवतात आणि दिवस संपतो. रॅपलिंगचा थरार खरा आहे, पण त्यातून चढणं येत नाही. शिकायची इच्छा असेल तर त्या पैशांत एक चांगला ट्रेक करून घ्यावा.

दोर पहिल्या वर्षी का घेऊ नये, तेही सांगतो. चढाईचा डायनॅमिक दोर पडण्याचा झटका ताणून शोषून घेतो, रॅपलिंगचा स्टॅटिक दोर फारसा ताणत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, आणि स्वस्तात मिळाला म्हणून स्टॅटिक दोर घेऊन त्यावर लीड क्लाइंबिंग करणं, म्हणजे दोर खालून सोबत नेत वाटेत अडकवत चढणं, जिवावर बेतू शकतं. लांबीचंही तसंच. ६० मीटरचा दोर टॉप रोपला दुमडून वापरला जातो, म्हणून तो ३० मीटरहून उंच मार्गाला पुरत नाही. दोर कमी पडून त्याचं मोकळं टोक बिले उपकरणातून निसटणं हे अपघातांचं जुनं कारण आहे. त्यासाठीच त्या टोकाला गाठ मारून ठेवतात. हे सगळं हाताखालून गेल्यावर दोर घ्यावा, तोही दोघा-तिघांत.

लीड क्लाइंबिंगचा विचार 'एक दिवस, कमी खर्च' या चौकटीत नवशिक्याने करूच नये. ट्रॅड, म्हणजे आधाराचं सामान स्वतःच कातळात बसवत चढणं, तर दूरच.

भिंत

कृत्रिम भिंत ही डोंगराची जागा घेत नाही, पण खर्चाच्या दृष्टीने ती फार उपयोगी आहे. बूट भाड्याने मिळतात, पावसाची फिकीर नाही, आणि आपल्याला हा प्रकार आवडतो का ते दोन तासांत कळतं. गाठ बांधणं आणि बिले देणं तिथे शिकून घेतलं, तर बाहेरच्या महागड्या दिवसातले पहिले दोन तास वाचतात. अँकर बांधणं, सुटा दगड ओळखणं, वरून पडणाऱ्या गोट्याचा अंदाज घेणं मात्र तिथे येत नाही.

काटकसर कुठे चालते

बूट आणि पॅड वापरलेले घेतले तरी चालतात. क्लाइंबिंगच्या बुटाचा झिजलेला तळ नवा लावून मिळतो. वापरलेला दोर, हार्नेस, स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) मात्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नयेत. नायलॉनवर ऊन, घर्षण आणि रसायनं यांचा परिणाम होतो आणि तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. न वापरलेल्या दोरालाही बहुतेक उत्पादक दहा वर्षांच्या वर वापरू देत नाहीत. कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर, ती किती ओढ सोसेल याचे किलोन्यूटनचे आकडे कोरलेले असतात. क्लाइंबिंगच्या साध्या कॅराबिनरला लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन सोसावे लागतात, आडव्या दिशेने फक्त ७ च्या आसपास. किल्ल्या अडकवायच्या शोभेच्या कॅराबिनरवर असा आकडा नसतो. तो सॅकलाच ठीक.

विम्याकडेही एकदा पाहून घ्या. साध्या प्रवासविम्यात चालणं बहुधा बसतं, पण दोर वापरून केलेली चढाई पुष्कळदा वगळलेली असते.

हवामानाने बुडणारे पैसेही खर्चात धरावेत. रिमझिम असली तरी सोपा ट्रेक पार पडतो. ओल्या कातळावर बूट धरत नाही, आणि वालुकाश्म तर भिजला की कमकुवत होतो, त्याच्या खोबणी हातात येतात. तो पुरता वाळेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून क्लाइंबिंगची फी भरण्याआधी पावसामुळे रद्द झालं तर पैसे परत की तारीख पुढे, हे विचारून घ्यावं. विजांचा अंदाज असेल त्या दिवशी दोन्ही रद्द.

मग कोणी काय निवडावं

वर्षातून तीन-चारच मोकळे दिवस मिळत असतील, तर ट्रेक. एवढ्या थोड्या दिवसांत क्लाइंबिंगचा हात बसत नाही, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते आणि पैसे शिकवणीतच जातात. गटात लहान-थोर, कमी-जास्त दमाची माणसं असतील तरीही ट्रेकच.

महिन्यातून दोनदा निघता येत असेल आणि तासाभराच्या अंतरावर चढण्याजोगा कातळ असेल, तर मी क्लबबरोबर टॉप रोप निवडेन. काही महिन्यांनी स्वतःचे बूट घ्यावेत, मग हार्नेस, हेल्मेट आणि बिले उपकरण. जवळ शिळा आहेत, चौघे भरवशाचे सोबती आहेत आणि घोट्यांची जुनी तक्रार नाही, अशांना बोल्डरिंग सगळ्यांत स्वस्त पडेल.

दोन्ही एका दिवसात करायचं म्हणणारे नेहमी भेटतात. कातळापर्यंतची वाट तास-दीड तासाची असेल तर ते आपोआप होतंच. त्याहून लांब असेल तर सामानाचं ओझं आडवं येतं. ६० मीटरचा दोर एकटाच साडेतीन-चार किलो भरतो, त्यात पाणी आणि धातूचं सामान. पोचेपर्यंत हातापायातली ताकद गेलेली असते आणि दुपारी बिले देणाऱ्याचं लक्ष उडतं. अशा दिवशी दोर घरी ठेवून नुसतं चालावं, जाताजाता कातळ पाहून ठेवावा, आणि पुढच्या खेपेला जवळच्या रस्त्याने थेट त्याच्या पायथ्याशी जावं.