डग्गा घुमायचा थांबला: डीएसपी आणि रूम करेक्शन, आठ महिन्यांनंतर

"हा डग्गा नाही गं, पिंप वाजतंय." नवे स्पीकर घरी आले त्या दिवशी बाबा म्हणाले. चाळीस वर्षं तबला वाजवलेल्या माणसाचा कान. आणि खरं तर मलाही ते ऐकू येत होतं. डग्ग्यावर मनगट दाबत मिंड काढली की सूर वर चढताना मध्येच एका जागी आवाज फुगायचा, ती जागा ओलांडली की परत ठीक. हेच स्पीकर दुकानात सुरेख वाजले होते.

म्हणजे दोष खोलीचा. आमची खोली १२ बाय १० फूट, विटांच्या भिंती, वर स्लॅब. मोजणीचा यूएसबी माइक आणला आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. रात्री अकरा वाजता पंखा बंद, फ्रिज बंद, माइक बाबांच्या खुर्चीत, त्यांच्या कानाच्या उंचीवर. स्वीप म्हणजे खर्जातून थेट शिट्टीपर्यंत चढत जाणारा एकच सूर. तो सुरू झाल्यावर क्षणभर खिडकीची काच थरथरली, आणि आलेखात ९४ हर्ट्झपाशी ११ डेसिबलचा उंचवटा उभा राहिला. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला, तर ९४ हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.६५ मीटर होते, म्हणजे जवळपास १२ फूट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ही लहर नेमकी बसते आणि विरायला वेळ घेते. त्यात बाबांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, जिथे हा दाब सगळ्यात जास्त.

लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये डीएसपीचा, म्हणजे आवाजाचे आकडे करून तो हवा तसा बदलणाऱ्या चिपचा, छोटा डबा बसवला. खोलीचा दोष असा भरून काढणं म्हणजेच रूम करेक्शन. ९४ हर्ट्झवर एक अरुंद फिल्टर, उणे ९ डेसिबल. फिल्टरची रुंदी त्या उंचवट्याशी जुळली की आवाज तर खाली येतोच, शिवाय त्या खुर्चीत मागे रेंगाळणारं घुमणंही लवकर विरतं. तीच मिंड पुन्हा लावली. बाबा काही बोलले नाहीत, मांडीवर ठेका धरला.

इथवर आल्यावर हुरूप आला आणि मी चूक केली. सॉफ्टवेअरला सांगितलं, २० हर्ट्झपासून २० हजारांपर्यंत सगळं सपाट कर. आलेख आखल्यासारखा सरळ आला. दोन महिने तसंच ऐकलं आणि हळूहळू लक्षात आलं की तानपुऱ्याची जवारी मेली आहे. तारा वाजत होत्या, पण घोडीवर तार घासून जो स्वरांचा पिसारा फुलतो, तो मिटलेला. माइक स्पीकरचा थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज एकत्र करून मोजतो. कान तसं करत नाही. आधी पोहोचलेल्या थेट आवाजावरून तो वाद्याचा पोत ओळखतो. ध्वनिशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने आमच्या खोलीसाठी साधारण २२० हर्ट्झ ही सीमा येते. तिच्या खाली खोलीचं राज्य, बरंच वर गेलं की स्पीकरचं. चांगल्या स्पीकरचा वरचा थेट आवाज मी खोलीतल्या आलेखासाठी बिघडवत होते. आता ३०० हर्ट्झच्या वर एकही फिल्टर नाही. जवारी परत आली. आठ महिन्यांतला सगळ्यात मोठा धडा कोणता म्हणाल, तर मी हाच सांगेन.

दुसरी अडचण खड्ड्याची. ११३ हर्ट्झच्या आसपास आवाज गायबच व्हायचा. स्पीकर त्यांच्या स्वतःच्या मागच्या भिंतीपासून अडीच फुटांवर होते. भिंतीवरून परतलेली लहर तिथे मूळ लहरीला मारत होती. असा खड्डा ईक्यूने, म्हणजे फिल्टरने तेवढाच आवाज वाढवून, भरायला जाऊ नका. १० डेसिबल वाढवायचे तर अॅम्प्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते, आणि जेवढं वाढवाल तेवढंच परतून येऊन रद्द होतं. मी स्पीकर भिंतीजवळ, एका फुटावर आणले. खड्डा वर २८० हर्ट्झकडे सरकला आणि उथळ झाला. भिंतीमुळे खालचा आवाज वाढला, पण वाढलेलं कापणं डीएसपीला सोपं. डावा स्पीकर खुर्चीला २० सेंटीमीटर जवळ पडतो, म्हणून त्याला ०.६ मिलिसेकंद उशीर दिला. तेव्हापासून गायक मधोमध बसतो.

त्रासही झाला. पहिले तीन आठवडे स्पीकरमधून बारीक गुणगुण यायची. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबायची, म्हणजे ग्राउंड लूप, दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. ऑप्टिकल केबल लावल्यावर कायमची गेली. आणि ही सगळी दुरुस्ती एका खुर्चीपुरती आहे, हे असा डबा घेण्याआधी समजून घ्या. आई दाराशी बसते, तिथे तोच फिल्टर लागल्याने डग्गा जरा पातळ वाटतो. तिच्यासाठी दुसरा प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेली वेगळी जुळणी, केलाय, चारपाच जागी मोजून सरासरी काढलेला.

गेल्या रविवारी पुस्तकांचं कपाट पलीकडच्या भिंतीला हलवलं. परवा बाबांनी मिंड ऐकताना भुवई किंचित वर केली. आज रात्री पंखा बंद करून पुन्हा स्वीप लावणार आहे.