खडेबाजारातली लाल जर्सी

बेळगावच्या लेले ग्राउंडवरच्या आमच्या पोरांसाठी खडेबाजारात लाल जर्सी शिवून घेतल्या, कायझरस्लाउटर्न ह्या जर्मन फुटबॉल क्लबच्या धर्तीवर. कापड झकास, घाम लगेच वाळतो. पाठीवरचे आकडे मात्र थोड्याच धुण्यांत सुटायला लागले. गल्ल्यावरचे मामा म्हणाले, "बायर्न सोडून हे कुठलं काढलंस?" म्हटलं, मामा, बेळगावापेक्षा लहान गाव, पण १९५४ ची विश्वचषक फायनल जिंकलेल्या जर्मन संघात ह्या एकाच क्लबचे पाच जण, कप्तान फ्रिट्झ वाल्टरसकट! १९९७ ला दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आले नि १९९८ ला थेट बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीतली पहिली डिव्हिजन, मारली. प्रशिक्षक ओटो रेहागेल. जर्मनीत असं परत कुणाला जमलेलं नाही. (२०१८ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरले, ते मी मामांना सांगितलं नाही.) भाव थोडा कमी झाला. शिलाई इथेच करा, छपाई दुसरीकडे.