कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम : मागची भिंतही दिसू द्या

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांमध्ये लग्न-बारशांची कामे करणाऱ्या छायाचित्रकाराची पिशवी उघडली, तर तिच्यात कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम ही लेन्स हमखास सापडते. ती का घेतली असे विचारल्यावर ‘मागचे ब्लर चांगले येते’ हेच उत्तर बहुतेक वेळा मिळते, आणि ग्राहकही नेमके तेच मागतात. वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या गावात, लग्नाच्या कामांत आणि त्याहून अधिक घरच्या माणसांबरोबरच्या प्रवासांत, ही लेन्स मी बरीच वर्षे वापरतो आहे. ती घेण्यासारखी आहे याबद्दल मला शंका नाही. मात्र ज्या गुणासाठी ती खपते, त्या गुणापासून घरची आणि प्रवासाची छायाचित्रे काढणाऱ्याने जपून राहावे असे माझे मत झाले आहे, आणि ते सविस्तर मांडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

आधी वस्तूविषयी. नावातले ५० मिमी म्हणजे केंद्रांतर (हा आकडा वाढला की चौकट अरुंद होते) आणि एसटीएम म्हणजे फोकस करणारी स्टेपिंग मोटर. ही लेन्स २०१५ मध्ये बाजारात आली. तिच्या आधीची, १९९० पासून विकली जाणारी आवृत्ती अनेकांनी हाताळली असेल. तिचे माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारी कडी, प्लॅस्टिकचे होते, ॲपर्चरला, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राला, पाचच पाती होती आणि विषयाच्या ४५ सेंटीमीटरपेक्षा जवळ जाता येत नसे. नव्या लेन्सचे माउंट धातूचे आहे, पाती सात आहेत आणि ती ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. आतली काचांची मांडणी, म्हणजे पाच गटांत सहा भिंगे, मूळ रचनेवरच बेतलेली आहे. वजन साधारण १६० ग्रॅम. एसटीच्या गर्दीत मांडीवर मुलगी, पायाशी डब्यांची पिशवी आणि गळ्यात कॅमेरा अशा स्थितीत प्रवास करणाऱ्याला या शेवटच्या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ झूम लेन्स ५५ मिमीवर नेली, तर तिचे ॲपर्चर सहसा एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ही लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), म्हणजे त्याच जागी, त्याच वेळी ती सेन्सरवर सुमारे नऊ ते दहा पट अधिक प्रकाश पोहोचवते. माझ्या दृष्टीने हाच तिचा खरा गुण आहे. आमची बहीण ब्रह्मपुरीकडे दिलेली आहे. दिवाळीनंतर त्या भागातल्या गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचे, नाटक रंगते, तेव्हा आम्ही सारे तिच्याकडे जातो. रंगमंचावरचा प्रकाश दर मिनिटाला बदलतो, आणि फ्लॅश मारला तर नटाचाही रसभंग होतो आणि मागे सतरंजीवर बसलेल्या प्रेक्षकांचाही. अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एफ २ वर काढलेल्या चित्रात नटाच्या कपाळावरचा घाम आणि रंगाचा ओघळ स्पष्ट दिसतो. एपीएस-सी, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सेन्सरच्या कॅमेऱ्यावर या लेन्सची चौकट ८० मिमीइतकी अरुंद होते. रंगमंचासाठी ती अगदी नेमकी आहे.

फ्लॅशचा विषय निघाला म्हणून सेवाग्रामची आठवण सांगणे भाग आहे. १९३६ मध्ये महात्मा गांधी तिथे राहायला आले आणि पुढे त्यांच्या नात्यातल्या कनू गांधी यांनी १९४८ पर्यंतची सुमारे दहा वर्षे गांधीजींची छायाचित्रे काढली. त्यासाठी गांधीजींनी कनूंना घातलेल्या अटी प्रसिद्ध आहेत : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही आणि या कामासाठी आश्रमाकडून पैसे मिळणार नाहीत. कनूंच्या हाती रोलायफ्लेक्स होता. त्या कॅमेऱ्याला झूम नसतो, या ५० मिमीसारखीच चित्र घेणारी एक पक्की लेन्स असते. पहिल्या दोन अटी मी घरच्या छायाचित्रांसाठी जशाच्या तशा घेतल्या आहेत, कारण घरातले माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसले की ते पाहुण्यासारखे दिसू लागते. पहिली अट पाळायची तर उघड्या ॲपर्चरची लेन्स हवी. आणि साध्या पगारात किंवा हंगामी कमाईत परवडेल अशी उघड्या ॲपर्चरची लेन्स म्हटली की गाडी या ५० मिमीपाशीच येऊन थांबते.

आता ब्लरकडे वळतो. एपीएस-सी कॅमेऱ्याने एफ १.८ वर दोन मीटर अंतरावरच्या माणसाचा फोटो काढला, तर जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. माणसाचे डोळे टोकदार, कान मऊ आणि मागचे जग विरघळलेले. एकट्या नवरीच्या छायाचित्राला हे शोभते. पण भाऊ-बहीण शेजारी बसले आणि एकाने मान जरा मागे नेली, तर एकाचाच चेहरा नीट येतो. आणि प्रवासात तर यापेक्षा मोठी गोष्ट हातची जाते. चिखलदऱ्याहून परतल्यावर मी मुलीच्या काही छायाचित्रांच्या प्रती करून आईच्या हाती दिल्या. तिने त्या उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिल्या आणि विचारले, “पोरगी मस्त दिसून रायली, पण हे कोनतं गाव व्हय?”

तिचा प्रश्न रास्त होता. मुलीच्या मागे हिरव्या रंगाचा एक गुळगुळीत पडदा होता, आणि तो पडदा गाविलगडाच्या उताराचा आहे की आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या निंबाचा, हे त्या कागदावरून कोणालाही सांगता आले नसते. कुटुंबाबरोबर शेकडो किलोमीटर जायचे आणि जिथे गेलो ते ठिकाणच चित्रातून पुसून टाकायचे, हे काही खरे नाही. आमच्या भागातल्या माणसाची ओळख तर त्याच्या मागे असलेल्या गोष्टींतच असते : शेणाने सारवलेली भिंत, तिच्यावर लटकलेले कृषी केंद्राचे कॅलेंडर, खोलीच्या कोपऱ्यात छतापर्यंत रचलेला कापूस, दोरीवर वाळणारे लुगडे. ग्राहकाला हे नको असते, कारण त्याला स्वतःचे घर चित्रात गरीब वाटते. ती त्याची निवड आहे आणि कामावर असताना मी तिचा मान राखतो. घरच्या अल्बमात मात्र मला भिंत हवी.

म्हणून प्रवासात ही लेन्स मी बहुतेक वेळा एफ ५.६ वर ठेवतो. तीन मीटर अंतरावर तेव्हा सुमारे पाऊण मीटर खोली स्पष्ट येते, आणि त्यामागचे जग थोडे मऊ होते, पण ओळखू येते. शिवाय या लेन्सची खरी धारही तिथेच आहे. एफ १.८ वर कडा सैल पडतात आणि पांढऱ्या-काळ्याच्या सीमेवर जांभळट झाक दिसते, एफ २.८ पासून चित्र सावरते, आणि एफ ५.६ वर तर दुप्पट-तिप्पट किमतीच्या लेन्सशेजारी ठेवले तरी कमी वाटत नाही. चिखलदऱ्याच्याच दुसऱ्या एका फेरीत आई स्ट्रॉबेरी विकणाऱ्या बाईशी बोलत उभी होती. जमीन कशी आहे, पाणी कुठून देता, रोप किती दिवस टिकते, अशी तिची शेतकऱ्याची चौकशी चालली होती. त्या चित्रात आईचा पुढे झालेला हात आहे, टोपलीतली फळे आहेत, विकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरचे कौतुक आहे आणि दोघींच्या मागे उताराची शेते व धुके आहे. हे कुठले गाव, असे आता कोणी विचारत नाही.

नजर ताजी ठेवण्याविषयी आमच्या व्यवसायात पुष्कळ बोलले जाते, आणि बहुतेक वेळा त्याचा शेवट नव्या उपकरणाच्या खरेदीत होतो. माझा अनुभव वेगळा आहे. लग्नाच्या हंगामात वरमाला, मंगलाष्टके, सप्तपदी, पाठवणी हा क्रम इतक्या वेळा डोळ्यांखालून जातो की पुढची चौकट कॅमेरा उचलण्यापूर्वीच डोक्यात तयार असते, आणि समोरचे माणूस फक्त तिच्यात बसवायचे उरते. ही सवय मोडते ती छायाचित्रणाशी काहीही देणेघेणे नसलेल्या माणसांबरोबर हिंडल्याने. आई पिकापाशी थांबते, पत्नी विहिरीच्या बांधणीपाशी, मुलगी कुत्र्याच्या पिलापाशी. कुठे थांबायचे हे ते ठरवतात आणि मी त्यांच्यामागून जातो. झूम लेन्स असली तर मी लांबूनच माझी चौकट शोधत बसतो. ही लेन्स असली की त्यांच्या गोष्टीत शिरल्याखेरीज चित्रच होत नाही. पण ॲपर्चर सताड उघडे ठेवले, तर ते पिलूही गेले आणि विहीरही गेली, उरले ते पुन्हा लग्नाच्या अल्बमातल्यासारखे सुंदर तोंड.

लोणारला या लेन्सची मर्यादा ठळकपणे कळते. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर आहे, आणि काठावर उभे राहून ते या चौकटीत मावण्याचा प्रश्नच येत नाही. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हापासून वरून घेतलेली त्याची रुंद चित्रे घरोघरी फोनवर पोहोचली आहेत. आणखी एकाची उणीव नाही. खाली उतरताना झाडीच्या फटीतून दिसणारा पाण्याचा तुकडा आणि त्यापुढे धापा टाकत बसलेले आपले माणूस, एवढेच या लेन्सने घ्यावे. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात मात्र ती सरस ठरते. आतला अंधार, दारातून तिरपा येणारा उजेड आणि कोरलेल्या दगडाचा पोत तिला नीट पेलतो.

घरात वापरताना अंतराचा हिशेब आधीच करावा लागतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तीन मीटरवरून जेमतेम १.३ मीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो. गावातल्या घराची खोली दहा-बारा फुटांची. तिच्यात पाच माणसांचा एकत्र फोटो या लेन्सने निघत नाही, भिंतीला पाठ टेकवली तरी नाही. त्यासाठी झूमच हवी किंवा सगळ्यांना अंगणात आणावे. पण याच अडचणीमुळे तपशील मिळतात. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, मुलगी लाकडी नंदी सजवत होती, तेव्हा ३५ सेंटीमीटरवरून मी तिची बोटे टिपली. बेगडाचा चुरा नखांत अडकलेला, शिंगाला लावलेला रंग अजून ओला, आणि नंदीच्या एका चाकाला आजीने बांधलेला सुताचा धागा. मागे ओसरीवर बोजाऱ्यासाठी, म्हणजे नंदी घेऊन येणाऱ्या मुलांना द्यायला, सुटे पैसे मोजत बसलेली आजी एफ ४ वर पूर्ण विरली नाही, म्हणून ते चित्र मला प्रिय आहे.

उन्हाची गोष्ट वेगळी. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत दुपारी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, १०० वर ठेवून एफ १.८ वापरायचे, तर शटर सुमारे १/८००० सेकंदच उघडे राहावे लागते, आणि स्वस्त कॅमेरे १/४००० च्या पुढे जात नाहीत. परिणामी फुटलेल्या बोंडांचा पांढरा रंग जळून जातो आणि कापसाचा तंतू दिसेनासा होतो. एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, हा एक उपाय आहे, आणि या लेन्सला तो ४९ मिमीचा लागतो. परंतु शेतात एफ ८ वर ठेवून बायकांच्या ओळी, त्यांच्या ओटीतला कापूस आणि बांधावरचे पळस एकत्र घेणे मला जास्त पटते.

काही उणिवा घेणाऱ्याला ठाऊक असाव्यात. कंपन रोखणारी यंत्रणा हिच्यात नाही, म्हणून हाती धरून १/१०० पेक्षा संथ शटर टाळावे. हाताने फोकस करण्याची कडी मोटरवर चालते, त्यामुळे कॅमेरा बंद असताना ती फिरवून उपयोग नाही. व्हिडिओ घेताना शांत खोलीत मोटरची बारीक घरघर ऐकू येते. फोकस होताना पुढची नळी किंचित बाहेर येते आणि धुळीपासून संरक्षण देणारे सील नाही. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या रस्त्यांवर उडणारी माती लक्षात घेता, वापर झाला की ब्लोअरने लेन्स साफ करून मागे-पुढे झाकण लावण्याची सवय ठेवावी. हूड सोबत येत नाही. तो वेगळा घ्यावा, कारण उन्हाच्या तिरिपेने चित्र फिके पडते.

ज्यांच्याकडे कॅननचा नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा आहे त्यांनी आरएफ माउंटची ५० मिमी एफ १.८ पाहावी; तिचेही वजन १६० ग्रॅमच आहे आणि ती ३० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. या परीक्षणातली ईएफ माउंटची लेन्स घरात असेल तर अडॅप्टर लावून तीही चालते. जुन्या बाजारातून घेणाऱ्यांनी लेन्स उजेडासमोर धरून आतल्या काचेवर बुरशीचे जाळे आहे का ते नीट तपासावे, आणि घरी आणल्यावर पावसाळ्याचे चार महिने ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.