गुडघ्याच्या थेरपीपायी मायचा पाय भाजला

आर्वीकडचं आमचं गाव. मागच्या डिसेंबरात कापसाचे पैसे हाती आले आणि त्याच आठवड्यात समाजमंदिरात 'थेरपी शिबिर' लागलं. पहिले ७ दिवस फुकट. निंदण-वेचणी करून बायांचे गुडघे गेलेले, त्यामुळे सकाळपासून रांग.

गुडघ्याला चार पॅड चिकटवून बारीक करंट द्यायचे. मुंग्या यायच्या, दुखणं थांबायचं. "पोरा, बरं वाटून राह्यलं," म्हणत माय घरी यायची. संध्याकाळी दुखणं पुन्हा तेच. आठव्या दिवशी पॅकेज निघालं: २१ बैठका आणि घरी वापरायचा पट्टा, १४,५०० रुपये. "गुडघ्यातली गादी घासली, आता नाही केलं तर ऑपरेशन," शिबिरवाले म्हणाले. एक्सरे पाहिला नाही, गुडघ्याला हात लावला नाही. तरी मी पैसे भरले. पावती मागितली, तर कोऱ्या कार्डावर नुसता आकडा लिहून दिला.

मायला जुनी शुगर आहे, पाय बधिर असतात. हे कोणी विचारलंच नाही. पोटरीवर गरम पिशवी ठेवली. "मले गरम नाही लागून राह्यलं," ती म्हणाली, तर तिथल्या मुलीनं मधला टॉवेल काढून घेतला. रात्री लिंबाएवढा फोड. जाब विचारला तर म्हणे, आतला वात बाहेर निघून राहिला. मायनं त्यावर विश्वास ठेवून आणखी दोन दिवस शेक घेतला. हे आठवलं की अजून जीव तुटतो. जखम भरायला दीड महिना लागला. तोवर समाजमंदिर रिकामं, फोन बंद.

मग तिला वर्ध्याला जिल्हा सामान्य रुग्णालयात नेलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनं डोळे मिटायला लावून तळपायावर कापसाचा बोळा फिरवला. "कुठं लागतंय?" माय गप्प. असल्या पायाला शेक द्यायचाच नसतो, त्या म्हणाल्या. करंटनं दुखणं तेवढ्यापुरतं दबतं; गुडघ्याचा भार मांडीच्या स्नायूंनी पेलायचा, त्याला व्यायामच लागतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. पैसे लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.

तुमच्या गावात असं शिबिर लागलं, तर आधी फिजिओथेरपिस्टचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. शुगरवाल्या माणसाला तिथं एकटं सोडू नका. पैसे दिले असतील तर पक्की पावती घ्या, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. मी केली, पण माझ्याजवळ त्या कार्डाशिवाय काही नव्हतं. त्यांच्या गाडीचा नंबरसुद्धा कोणी टिपला नव्हता.